फोपनारची दुर्बीण

१

पेटी उघडली राजस्थानच्या वाळवंटात आणि चोरी कळली ती बऱ्हाणपुरात, महेश तळेल्यांच्या बैठकीच्या खोलीत, दुपारी साडेबाराला.

फोन तांब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर वेधशाळेचा तंत्रज्ञ चंदन एकेक वस्तू काढून दाखवत होता आणि इकडे विज्ञानाचा मास्तर पंकज यादीवर खुणा करत होता. तळेले खुर्चीत ताठ बसले होते. त्यांची मुलगी योगिता दाराला टेकून उभी होती. उखर्डू चौधरी फोपनारहून मुद्दाम आला होता, येताना केळीच्या दोन फण्या घेऊन. त्याच्या शेतातल्या शेडात ही दुर्बीण अकरा वर्षं उभी होती. ती नव्या घरी सुखरूप पोचलेली त्याला बघायची होती.

नेपानगरच्या पेपर मिलमध्ये फोरमन असल्यापासून तळेल्यांना आभाळाचे फोटो काढायचा नाद. फोपनारचं आभाळ तेव्हा काळंभोर होतं. मग रस्त्याला दिवे आले, केळी पिकवायच्या गोदामांवर झोत बसले, आणि तारे विरळ होत गेले. वाळवंटातल्या त्या वेधशाळेत लोक आपापल्या दुर्बिणी ठेवायला देतात. संध्याकाळ झाली की तिथलं छप्पर सरकतं आणि मालक घरबसल्या इंटरनेटवरून आपली दुर्बीण फिरवतो. तळेल्यांना तिथे मानाची जागा मिळाली होती. घोड्याच्या तोंडासारखा दिसणारा एक तेजोमेघ असतो, त्याच्या त्यांनी काढलेल्या फोटोला चार वर्षांपूर्वी देशात पहिलं बक्षीस मिळालं होतं.

दुर्बिणीची नळी निघाली, स्टँड निघाला, कॅमेरा निघाला. सगळं धड. शेवटी चंदनने एक चपटा डबा हातात घेतला, त्याची चिकटपट्टी कापली आणि आत बघून थांबला. मग त्याने आतली वस्तू फोनसमोर धरली. खाकी कागदात नीट गुंडाळलेला लाकडाचा ठोकळा होता.

"सर, कंप्यूटर तो इसमें है ही नहीं," तो म्हणाला.

दुर्बिणीला जोडलेला तळहाताएवढा संगणक त्या डब्यात असायला हवा होता. खोलीतले सगळे तळेल्यांकडे बघायला लागले. मग तळेले कुणाकडेही न बघता सावकाश म्हणाले, "शेडची किल्ली उखर्डूकडे होती."

उखर्डूने हातातला चहाचा कप खाली ठेवला. चहा अर्धाच प्यायला होता.

२

दुसऱ्या दिवशी पंकजने गावातल्या हौशी आकाश मंडळाचा सचिव म्हणून पोलिसांत तक्रार दिली. उखर्डूला बोलावणं गेलं. सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवलं, आणि परवा पुन्हा यायला सांगून सोडलं. साठी उलटलेला माणूस. त्याच्या घरातून आजवर कुणी त्या पायऱ्या चढलं नव्हतं. गावात पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी पोचली होती.

हे ऐकलं आणि योगिताने दोन दिवसांची रजा टाकली. ती विम्याच्या नुकसानीची पाहणी करायची. जळालेली दुकानं, वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागा, वाटेतच केळी पिकून गेलेले ट्रक, हे तिचं रोजचं काम. बारा वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. काय गेलं हे लोक पोटतिडकीनं सांगतात, त्यात खरं-खोटं दोन्ही असतं. काय मागे राहिलं ते मात्र खोटं बोलत नाही.

इथे मागे राहिला होता कॅमेरा. सगळ्या सामानात तोच सर्वांत महाग, आणि तो त्याच पेटीत, डब्याशेजारी होता. त्याला हात न लावता चोराने त्यामानाने क्षुल्लक वस्तू उचलली होती. बरं, नुसती उचलली नाही. डबा रिकामा राहिला तर वाटेत तो चेपेल आणि शेजारचा कॅमेरा हलेल, आपटेल, म्हणून बरोबर मापाचा ठोकळा करून त्यात ठेवला होता. चोराला दुर्बीण सुखरूप पोचायला हवी होती.

तिने चंदनला फोन करून दोन गोष्टी मागितल्या, पेटीच्या सीलचा फोटो आणि ठोकळ्यावरच्या कागदाचा. सीलचा नंबर पंकजने सोमवारी पेटी बंद करताना काढलेल्या फोटोतल्या नंबराशी जुळला. म्हणजे सील लागल्यापासून वाळवंटात पोचेपर्यंत पेटी कुणी उघडली नव्हती. ठोकळा आत गेला तो सोमवारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, संगणक म्हणूनच.

दुसरा फोटो आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. कागदाला गोंद नाही, पट्टी नाही, दोरा नाही. दोन्ही टोकांना त्रिकोणी घडी घालून टोक आत खोचलेलं. मिलमध्ये कागदाची रिमं अशी बांधतात. मिलच्या कॉलनीत वाढलेल्या पोरांच्या वह्यांनाही हीच घडी असायची.

उखर्डूच्या सात पिढ्यांत कुणी मिलमध्ये नव्हतं. पण पंकज त्याच कॉलनीत वाढला होता.

३

पंकज शाळेच्या प्रयोगशाळेत भेटला. योगिताने त्याच्यापुढे फोटो ठेवला. त्याने एकदाच बघितलं आणि घडी ओळखली. नाकारलं नाही. आपल्याला ती येते, वडिलांनी शिकवली, म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला.

"ताई, तुम्ही माझ्यावर शक करताय?"

तिने सरळ विचारलं, सोमवारी डबा उघडून बघितला होता का? नव्हता. पेटी भरताना तळेले सरांनी तो पट्टी लावलेला हातात दिला आणि आत सगळं गुंडाळलंय, उघडू नकोस, असं सांगितलं. त्याने यादीवर खूण केली. सरांचं म्हणणं असं की रविवारी संध्याकाळी त्यांनी शेडात शेवटची चाचणी घेतली, संगणक झकास चालत होता, मग तो डब्यात घालून रात्रभर तिथेच ठेवला. म्हणजे अदलाबदल झाली ती रविवारी रात्री, आणि तेव्हा किल्ली उखर्डूकडे. तक्रारीत त्याने हेच लिहिलं होतं.

आणि त्या संगणकाचं कुणाला काय पडलं असेल, असं तिने विचारलं. पंकज म्हणाला की सर्वांत जास्त आपल्यालाच पडलं होतं. बक्षिसाचा फोटो म्हणजे एक फोटो नव्हे; अनेक रात्री घेतलेले शेकडो कच्चे फोटो एकावर एक रचून तो तयार होतो. ते कच्चे फोटो मुलांना दाखवायला तो वर्षभर मागत होता आणि सर टाळत होते. आता चंदनने ते मागितले होते. बक्षिसाचा फोटो वेधशाळेच्या दारात लागणार आणि त्याचे सगळे कच्चे फोटो कुणालाही बघता येतील असे खुले ठेवणार, म्हणून काही न पुसता संगणक तसाच पाठवा, असं त्याने कळवलं होतं.

"मला तर ते आपोआपच मिळणार होते," पंकज म्हणाला. "मी कशाला गायब करू?"

हे बरोबर होतं. योगिता उठली. जाताना तिने सहज विचारलं, कच्च्या फोटोत असं असतं तरी काय?

तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव, तो म्हणाला. प्रत्येक फाईलमध्ये.

ती दारात थांबली. कोपऱ्यात एक इन्व्हर्टर पडला होता, त्यावर तळेल्यांच्या अक्षरात 'फोपनार शेड' असं लिहिलेलं. तो शुक्रवारीच काढून आणला, पंकजने सांगितलं. सरांनी शाळेला देऊन टाकला.

४

उखर्डू बागेत होता. तिला बघून त्याने काम थांबवलं नाही. केळीची वाळलेली पानं विळ्याने कापत राहिला आणि बोलला तेही पानांकडे बघून.

"तुह्या बापाले मी अकरा वर्सं जागा देली. कधी कुलपाले हात लावला नाही. किल्ली मह्याकडं होती ती त्यानंच ठेवेल होती, राखन म्हनून."

योगिताने माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याला ते नको होतं. मग तिने कामाचं विचारलं. रविवारी अण्णा, म्हणजे तिचे वडील, किती वाजता आले होते?

आले होते, दिवस बुडायच्या आधी. शेडात गेले आणि लगेच बाहेर आले. हातात पिशवी होती. चहालाही थांबले नाहीत.

"चाचणी घेतली म्हणतात. दुर्बीण चालवून बघितली."

उखर्डूने आता तिच्याकडे बघितलं. "कशावर चालवन? डीपी जळेल होती."

शनिवारी सकाळी शिवाराला वीज देणारी डीपी मोठा आवाज होऊन जळाली होती. नवी बसली मंगळवारी. तीन दिवस मोटर बंद, केळी तहानलेली, साऱ्या गावाने बोंब मारली होती. शेडचं छप्परसुद्धा मोटरीवर सरकायचं. रविवारी तिथे दिवा लागला नसता, मग दुर्बीण काय चालणार? आणि इन्व्हर्टर तर शुक्रवारीच शाळेत गेला होता.

योगिता बांधावर बसली. तिला दुसरं काही शोधायचं उरलं नव्हतं. अण्णा रविवारच्या चाचणीबद्दल खोटं बोलले होते. संगणक रविवारी रात्री उखर्डूच्या किल्लीच्या टप्प्यात होता हे दाखवायचं, एवढ्यासाठीच ती चाचणी लागत होती. डबा बंद करून देणारे तेच, आणि ती घडी त्यांच्याच खात्यातली. चोर आणि ज्याची चोरी झाली तो, दोघे एकच होते.

पण का? स्वतःच्याच फोटोंची तारीख, वेळ आणि नाव माणूस कशाला लपवील?

५

गोदाबाईने, उखर्डूच्या बायकोने, तिला पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही. योगिताच बसली. आई, शांताबाई, जिवंत असताना या ओट्यावर आईचं बऱ्यापैकी जाणं-येणं होतं, असं तिने ऐकलं होतं. स्वतः कधी बघितलं नव्हतं.

तिने विचारलं, बक्षिसाचा तो फोटो अण्णांनी कधी काढला, मावशीला आठवतं का?

गोदाबाईने रिकामा पेला उचलून घेतला. उद्या माझ्या घरधन्याला पुन्हा जायचंय, मग मी तरी कुणाची लाज राखू, असं काहीसं पुटपुटली. आणि मग तिने सांगून टाकलं.

"तुह्या बापानं नाही काढला. शांताबाईनं काढला. तुहा बाप तवा इंदूरले होता, दवाखान्यात."

पाच वर्षांपूर्वीचा जानेवारी. अण्णांची बायपास, मग जखमेत पू, एकवीस दिवस इंदूरला. योगिता एकटी त्यांच्या उशाशी. आई दोनदा आली, दोन्ही वेळा सकाळी येऊन दुपारी परत गेली. नातेवाइकांना काय सांगावं ते योगिताला कळायचं नाही.

त्या दिवसांत शांताबाई अकरा रात्री फोपनारला राहिली होती, गोदाबाईने सांगितलं. तळेल्यांनी दवाखान्यातूनच तिला पाठवलं होतं. आभाळाचा तो भाग थंडीतच दिसतो, अर्धं काम झालंय, हंगाम गेला तर वर्ष गेलं, तू जा. आधी घेतलेले फोटो शेवटी वाया गेले, धुकं आलं होतं म्हणे. तिने सगळं पहिल्यापासून घेतलं. जायचं तिच्या जिवावर यायचं. पहिल्या रात्री ती शेडात बसून रडली. मग हळूहळू तिला ते जमायला लागलं, आवडायलाही लागलं. एकदा तिने गोदाबाईला बोलावून पडद्यावर तो घोडा दाखवला होता.

"म्हने, गोदा, हे पाह्य, आपल्या हातानं आलं हे."

पुढे बक्षीस तळेल्यांच्या नावाने आलं तेव्हा गोदाबाईने विचारलं होतं. शांताबाई एवढंच म्हणाली की घरातलं घरात.

योगिता परत निघाली. गाडी चालवताना तिला आईचं काही आठवेना, अण्णांचं एक वाक्य तेवढं आठवत राहिलं. दवाखान्यात तिने चिडून विचारलं होतं, आई का राहत नाही इथे? आणि ते डोळे मिटून म्हणाले होते, तुझ्या आईला दवाखान्याचा वास सहन होत नाही.

तिने ते खरं मानलं होतं. तीन वर्षांनी आई स्वतः दवाखान्यात पडली. तब्बल दोन महिने होती, आणि वासाबद्दल एकदाही बोलली नाही. जळक्या दुकानात शिरल्या शिरल्या विसंगती हेरणाऱ्या योगिताला ती विसंगती तेव्हा दिसली नव्हती. ती औषधं देत होती, चादरी बदलत होती, आणि कामापुरतं बोलत होती.

६

तळेले पेपर वाचत होते. योगिताने चपलाही काढल्या नाहीत. सीलचा नंबर, मिलची घडी, शुक्रवारचा इन्व्हर्टर, शनिवारची डीपी, असं एकेक तिने त्यांच्यापुढे मांडलं, एखाद्या अनोळखी दावेदारापुढे मांडावं तसं. शेवटी ती म्हणाली की इंदूरचे एकवीस दिवसही मला कळलेत, तेव्हा त्यांनी पेपरची घडी केली, आत गेले आणि संगणक घेऊन आले. आईच्या शिवणयंत्राच्या खणात ठेवला होता.

त्यांनी सांगितलं ते असं. बक्षिसासाठी फोटो पाठवताना अर्जात नाव त्यांनी स्वतःचं घातलं. दुर्बीण आपली, मांडणी आपली, तिने फक्त बटणं दाबली असं तेव्हा वाटलं. मग बक्षीस आलं, सत्कार झाले, पेपरात नाव आलं, आणि मागे फिरायची वाट राहिली नाही. योगिताला खरं सांगावं तर सगळंच सांगावं लागलं असतं. चंदनने कच्चे फोटो मागितले तेव्हा ते पुसायला बसले होते.

"प्रत्येक फाईलवर तिचं नाव होतं. दोनशे चौदा फायली. तिनंच घातलं होतं, मला न सांगता. हात चालला नाही गं माझा."

"हात चालला नाही," योगिता म्हणाली, "पण उखर्डूकाकांचं नाव घेताना जीभ चालली."

त्यांनी मान खाली घातली. संगणक वाटेतच कुणी बदलला असंच सगळे म्हणतील असं वाटलं होतं, ते म्हणाले. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्या आणि तोंडून निघून गेलं.

"आणि मला? मला का नाही सांगितलंत? बक्षिसाचं राहू द्या. आई तुमच्या सांगण्यावरून तिकडे राहिली, एवढं तरी. ती गेली तेव्हासुद्धा तुम्ही गप्प बसलात."

ते म्हणाले, "तू माझ्यापाशी होतीस. मला ते बरं वाटायचं."

योगिताने संगणक उचलला आणि तशीच बाहेर पडली.

७

दुसऱ्या दिवशी ती त्यांना पोलिसांकडे घेऊन गेली आणि त्यांनी तक्रार खोटी असल्याचं लिहून दिलं. तिथून फोपनारला. उखर्डूने खुर्ची टाकली, गोदाबाईने चहा दिला. तळेल्यांनी हात जोडले. उखर्डू म्हणाला, झालं ते झालं साहेब, शेड मात्र लवकर काढून घ्या, तिथं मले यंदा केळी लावायची. त्यापुढे तो त्यांच्याशी बोलला नाही. निघताना दारापर्यंतही आला नाही. पंकजने मंडळाच्या फलकावर माफीचा कागद लावला आणि सचिवपद सोडलं.

योगिताने संगणक चंदनकडे रवाना केला आणि सोबत चिठ्ठी लिहिली. हा फोटो शांता तळेले यांनी काढला आहे, पुरावा फायलींमध्ये आहे, दारात लावाल तर त्याच नावाने लावा. का आणि कसं, ते तिने लिहिलं नाही.

दहा दिवसांनी चंदनचा निरोप आला. फायली मिळाल्या होत्या. एवढ्या नेटक्या फायली फार कमी लोकांच्या असतात, असं त्याने लिहिलं होतं. दारातल्या फोटोखाली नवं नाव लागलं होतं आणि दुर्बीणही उभी राहिली होती. खाली आणखी एक ओळ होती.

'शांता मैडम का नंबर भेज दीजिए, लॉगिन उन्हीं के नाम से बना देता हूँ।'

योगिता कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. आई आता नाही, एवढं कळवलं की झालं असतं. पण तिने आधी फोनमध्ये आईचा नंबर शोधला, आणि तो नव्हता. इंदूरच्या दवाखान्यात, सोळाव्या दिवशी, तिने तो रागाने काढून टाकला होता. पुन्हा कधी घातला नाही. पुढची तीन वर्षं आईचा फोन यायचा तेव्हा पडद्यावर नुसते आकडे यायचे. ती आकड्यांवरून ओळखायची, उचलायची, हो-नाही बोलायची आणि ठेवून द्यायची.

तिने डोळे मिटून आठवून पाहिलं. पहिले चार आकडे आठवले. पुढचे नाहीत.